कळ ओसरेपर्यंत

आमच्या वरकुट्यात गुरांच्या डॉक्टरांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गाईच्या पोटात हात घातलेला असतानाही ते गप्पा मारतात, आणि कळ आली की अर्ध्या वाक्यात थांबतात. गर्भाशय आवळतं तेव्हा त्यांचा हात आत पिळून निघतो. कळ ओसरली की राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू.

परवा आमची गाय अडली. त्यांनी वासराच्या पायांना दोर बांधला. कळ आली की ओढायचे, गेली की सैल सोडायचे. तासाभरात माझे सासरे, तात्या, वैतागले.

“डॉक्टर, दोर ट्रॅक्टरला बांधू का? एका झटक्यात येईल भाईर.”

“न्हाय तात्या. ती आवळंल तवाच आपण ओढायचं. मधी ओढलं तर पिशवी फाटंल.”

“आन् कळाच थांबल्या तर?”

“तर इंजेक्शन हाय. ट्रॅक्टर न्हाय.”

तरी तात्या ट्रॅक्टरकडं निघाले. डॉक्टरांनी दोराचं टोक स्वतःच्या मुठीला गच्च गुंडाळलं आणि मला म्हणाले, “वहिनी, चहात साखर...”

तेवढ्यात मोठी कळ आली. ते मागं रेलले आणि वासरू बाहेर आलं, जिवंत.

दोर सोडवला, पण त्यांची मूठ उघडेना. बोटं आखडली होती. परत आलेले तात्या ती ओढून सरळ करायला लागले.

“ओढू नका तात्या. सुटतील आपसूक.”

आम्ही तिघं त्या मुठीकडं बघत बसलो. हळूहळू करंगळी सुटली.

“...कमी टाका,” ते म्हणाले.