बोटीच्या सागाचा पाट

धरणगावात भंवरीबाईंना कुणी फसवलं, असं कधी कुणाच्या ऐकण्यात नाही. दूधवाला आला की बाई आधी दूध हुंगणार, मग त्यात बोट बुडवणार, आणि मग दूधवाल्याच्या तोंडाकडं बघणार. निकाल त्या तोंडावरून लागायचा. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळलेलं असलं तरी पिण्याआधी भांडं उजेडात धरायच्या. नवरा सुगनचंद शेठ कापसाच्या जिनचा मालक, घरात गडीमाणसांची वाण नव्हती. पण बाईंचा भरवसा कुणावर म्हणाल तर स्वतःच्या नाकावर.

लोक मागून हसायचे खरे, पण त्याच नाकाचा मान मोठा होता. भंवरीबाई जिथं जेवल्या तिथं डोळे मिटून जेवावं, असं ओसवाल जैनांच्या घराघरांत बोललं जायचं. जैनांच्या स्थानकात चातुर्मासाला साध्वी, म्हणजे महासतीजी, आल्या, की तिथं काय चालेल नि काय नाही हे पंच मंडळी ओसरीवर मोठ्या आवाजात ठरवत, आणि मग हळूच माजघरात निरोप पाठवून बाईंना विचारत. बाईंनी मान डोलावली की झालं.

तर अडुसष्ट सालच्या ज्येष्ठात शेठ मुंबईहून आले आणि त्यांच्या पाठोपाठ घरालगतच्या जिनच्या आवारात एक ट्रक येऊन थांबला. ट्रकात काळपट सागाच्या लांबच लांब फळ्या, पितळी कड्या, एक गोल काचेची खिडकी, आणि या सगळ्याच्या वर बसलेला, उन्हानं वाळून गेलेला एक कोकणी म्हातारा.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"बोटीचं लाकूड," शेठ म्हणाले. "बड्या लोकांची हौसेची बोट होती, इंजिनावर चालणारी. मुंबईला मोडीत निघाली. हा तिचा तांडेल, बोट चालवणारा. कुठली फळी कुठं जुळते ते सुकदेव सुताराला दाखवेल नि जाईल. यंदा महासतीजींना बसायला स्थानकात चांगला लांबरुंद पाट आपण द्यायचा. तुझ्या नावानं."

'तुझ्या नावानं' म्हटल्याबरोबर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं न मागता कधी साधी बांगडी आणली नव्हती. आज एकदम पाट?

कामाला येणारी बेबाबाई शिंदखेड्याकडची, तोंडाची फटकळ. तिनं आगीत तेल ओतलं. "भाभी, आपला सातपुडामा लाकडं सरी गयात का काय? बठ्ठा गाव हासी र्‍हायना!"

हसणारच की! चोपड्याहून हवा तेवढा साग बैलगाडीनं दारात येऊन पडतो, आणि हे मुंबईहून मोडकी बोट आणतात? कुठंतरी पाणी मुरत होतं. शिवाय पाट बाईंच्या नावानं जाणार. त्या फळ्यांवर कुणी काय काय सांडलं असेल, कुणी काय चघळलं असेल, देव जाणे. त्यावर महासतीजी बसल्या आणि उद्या काही भलतंसलतं बाहेर आलं, तर आयुष्यभर जपलेलं नाव मातीला मिळालं असतं. बाईंनी ठरवलं, बोटीचा मालक कोण होता हे कळल्याशिवाय पाट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही.

सुकदेवचा रंधा चालायचा त्या लिंबाखाली तांडेलाचं बस्तान होतं. बाईंनी त्याच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला नि समोर ठाण मांडलं.

"पहिला मालक कोण?"

"गोरा साहेब, बाय. आगबोटीच्या कंपनीतला. त्यानंच विलायतेहून बांधून आणली."

"मांस शिजायचं?"

"शिजायचं की! दोन आचारी होते."

बाईंनी पदर नाकाला लावला. "मग?"

"मग काठेवाडातले एक दरबार, छोटे संस्थानिक. बंदुका, गाणाऱ्या बायका, पेट्याच्या पेट्या दारू. काय थाट होता, बाय! पुढं लढाई लागली तेव्हा सरकारनं बोट ताब्यात घेतली, सोल्जर लोक भरले. नंतर एक पारशी डॉक्टर. देवमाणूस. रविवारी मासे पकडायचा."

"अरे देवा! आणि त्याच्यानंतर?"

"सिनेमाला पैसे पुरवणारा एक जण. त्यानं आमचे पगार बुडवले, त्याचं नाव नका काढू." तांडेल सांगण्यात रंगला होता, पण इथं आला नि त्यानं तांब्या तोंडाला लावला. ताक पीत बसला.

"शेवटचा कोण?"

"होते एक शेठ," तो म्हणाला आणि उठून सुकदेवला फळ्या दाखवायला गेला. सुकदेवनं त्याला बोलावलंसुद्धा नव्हतं.

बाईंनी त्याचं तोंड पाहून घेतलं. दूधवाल्याचं व्हायचं, तसंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाई गवारीची पाटी घेऊन आवारातून स्वयंपाकघराकडं निघाली होती. बाई मागच्या दारात तांदूळ निवडत होत्या. तांडेलानं बसल्या जागेवरून हाक मारली, "ए बाय, गवार आज कुणासाठी? चौदस आहे. शेठ हिरवं खाणार नाहीत. मूग कर, वर तूप जरा जास्त."

बाईंनी सूप खाली ठेवलं.

चौदस ठाऊक असणं एक वेळ ठीक. दर्यावरच्या माणसाला तिथी कळायचीच, भरतीचा हिशेब तिथीवर असतो. पण चौदसला हिरवी भाजी न खाण्याचा जैनाघरचा नेम याला कुणी शिकवला? आणि तूप जास्त! हे तर बेबाबाईलाही अजून सांगावं लागायचं.

बाई सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "शेवटचे शेठ कोण ते कळलं मला. आता एवढंच सांग, त्यांच्यासोबत कोण असायचं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "बाय, दर्याची आण घेऊन सांगतो, कुणी नसायचं."

"तुझ्या दर्याला मी काय ओळखते?" बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाऊन भिंतीला टेकल्या. डोळ्यांपुढं शेठांसोबतची ती उभी राहिली होती. गोरी, ठसठशीत, अंबाड्यात गजरा माळलेली, खिदळणारी. रुईच्या बाजाराला म्हणून दर महिन्याला मुंबई! आणि आपण वेड्यासारखे प्रत्येक खेपेला खाखरे लाटून, कोरडे मूग परतून डबा भरून देत होतो. तो डबा तिनं खाल्ला असेल. या विचारानं बाईंना रडू फुटलं, आणि रडताना त्यांना स्वतःचाच संताप आला.

दिवस कलायच्या आत शेठ जेवायला बसले. पानात मूग होते, वर तूप.

"कोण होती?" बाईंनी विचारलं.

"कोण कोण होती?"

"बोटीवरची."

शेठांचा घास हातातच राहिला. नाकारायचं त्यांनी मनात आणलं असेल, पण समोर भंवरीबाई होत्या. "बोट आम्हा चौघांची होती," ते म्हणाले. "रुईच्या व्यवहारात बुडालेल्या पैशांच्या बदल्यात अंगावर पडली. तिघांनी अंग काढून घेतलं. मी नाही काढलं. बाई नव्हती गं कुणी."

"तो म्हातारा पण हेच म्हणतो. दोघांनी मिळून ठरवलंय."

"नुसता बसायचो. जिनची घरघर कानातून जात नाही माझ्या, झोपेतसुद्धा चालू असते. दलाल, मजूर, भाऊबंद, दिवसभर कुणी ना कुणी काही ना काही मागतंय. तिथं कुणी काही मागत नव्हतं. तुझा डबा खायचो, बसायचो, परत यायचो. आता तिचा तळच कुजला. तोडणारे घण घालायला लागले ते मला बघवेना, म्हणून लाकूड घेऊन आलो. वाटलं, महासतीजी बसतील तर माझं हे चोरून बसणं धुतलं जाईल."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं, वेळ लावून पाहिलं. माणूस खरं बोलत होता. आता जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. उलट वाटलं, बाई असती तर परवडलं असतं. तिच्या नावानं बोटं मोडली असती, कडाकडा भांडून माहेरी गेले असते. नुसत्या एका माणसाच्या गप्प बसण्याशी कसं भांडायचं? आपल्यापासून लांब जाऊन, आपल्याच हातचं खाऊन, इतकी वर्षं हा माणूस सुखानं बसला होता.

"मला का नाही नेलं?"

"तू आली असतीस? पाण्यात जीव असतात म्हणाली असतीस. दारू सांडलेली फळी, मासे मारलेली जागा..."

"म्हणाले असते! शंभरदा म्हणाले असते!" बाईंचा आवाज फाटला. "आणि आले असते. विचारायचं तरी होतं एकदा."

शेठ ताटावरून तसेच उठले. त्या चौदसला घरात दोघंही उपाशी राहिली.

सकाळी पाट तयार होता. सुकदेवनं घासून असा गुळगुळीत केला होता, की हात ठेवला तर काढवेना. पंच मंडळी चार हमाल घेऊन आली. शेठ एका बाजूला मान खाली घालून उभे होते. बाईंच्या एका शब्दावर आता सगळं होतं. सगळ्यांदेखत त्यांचं पितळ उघडं पाडायचं म्हटलं असतं तर हीच वेळ होती.

"काय बाई, चालेल ना लाकूड?" पंचांनी विचारलं.

"लाकूड चोख आहे," भंवरीबाई म्हणाल्या. "शेवटच्या मालकानं त्यावर चौदस पाळलीय. मी खात्री करून घेतली."

शेठांनी मान वर केली. हमाल पुढं सरले, आणि तेवढ्यात बाई पदर सावरून त्या पाटावर खुशाल मांडी घालून बसल्या.

"अहो बाई, हे काय?"

"हा पाट मिळायचा नाही. संसारी माणसांच्या बुडाखालचा पाट महासतीजींना देऊ होय? दुसरा करवून देते, चार दिवसांत."

पंच एकमेकांकडं बघत राहिले. भंवरीबाईंना उलट विचारायची कुणाची छाती? मंडळी हमालांसकट निघून गेली. सुकदेवही काहीतरी ओळखून तांडेलाला घेऊन चहाच्या निमित्तानं बाहेर पडला.

"बसा," बाई म्हणाल्या.

शेठ अवघडत पाटाच्या कडेला टेकले.

"तिथं बसून काय करत होतात?"

"काहीच नाही."

"मग काहीच करू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी ओढून घेतलं.