खंडेनवमीला उचललेला पाना

कडूबाबद्दल लिहायचं तर आधी घाणीबद्दल लिहावं लागतं, कारण त्याचं निम्मं आयुष्य तिच्याखाली गेलं. जालन्यातल्या आमच्या गॅरेजात रामराव मालकाचा जुना ट्रक होता आणि त्याच्या पोटाला हाताच्या जाडीचा थर बसलेला असायचा: चिखल, शेण, डांबर, कुजक्या पेंडीचा भुगा आणि आमच्याच तंबाखूच्या पिचकाऱ्या. कडूबा पाठीवर झोपून तो खरवडायचा आणि सगळं त्याच्या तोंडावर पडायचं. मी त्या ट्रकचा ड्रायव्हर, भुजंग. मला खाली वाकून बघायचीही शिसारी यायची. चहाला त्याचा कप आम्ही वेगळा ठेवला होता. त्याचे हात घाण असतात म्हणून, असं आम्ही सांगत असू. हात धुतल्यावरही कप तोच असायचा.

कडूबा अंतरवालीकडचा. आधी जिनिंगमध्ये यंत्रांना तेल द्यायचा, मग मालकाकडे आला. नवं ग्रीस तो दोन बोटांत चोळून कानाशी न्यायचा. बारीक कचकच ऐकू आली की ते गाडीला लावायचा नाही. मालकाला हे नखरे वाटत. ग्रीस बाहेरून चमकलं की मालकाचं समाधान व्हायचं.

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब लोखंडी दांडा असतो, तो शाफ्ट. त्याच्या सांध्याला आम्ही क्रॉस म्हणतो. जुन्या क्रॉसला निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड असायचं, त्यातून गननं ग्रीस भरलं की झालं. मालकानं दोन वर्षांपूर्वी सीलबंद क्रॉस बसवला होता. त्याला निपलच नव्हतं. ग्रीस आतच भरून आलंय, आता जन्मभर बघायला नको, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. जणू यानंच तो शोधून काढला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला कडूबाच्या वस्तीतल्या बौद्ध मंडळींनी दीक्षाभूमीला जायला हाच ट्रक ठरवला. साठ माणसं होती, त्यांत कडूबा आणि त्याची बायको कांताबाई. नागपूर लांब, म्हणून खंडेनवमीला दुपारीच निघायचं होतं. पंधरा दिवसांपासून गिअर टाकला की खालून टक असा आवाज यायचा. मी मालकाला सांगितलं होतं. त्यानं काय करावं? सणासाठी ट्रकला तांबडा रंग मारून घेतला, खालच्या शाफ्टसकट.

नवमीला सकाळी मालकानं सगळी हत्यारं पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. ट्रकलाही हार घातला. कडूबा खाली शिरला होता, तो बाहेर आला आणि त्यानं तळहात पुढे केला. तळहातावर तांबडी भुकटी होती.

"भुजंगभाऊ, हा रंग न्हाई, गंज हाय. आतलं ग्रीस पार सुकलंय. वाटेत शाफ्ट तुटून रस्त्यात रुतला तं गाडी उलटी होईल. साठ माणसं हायती."

आम्ही मालकाकडे गेलो. मालक म्हणाला, "सीलबंद चीज हाय, तिला काय व्हतंय? आन आज हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सांजेपर्यंत हात लावायचा न्हाई."

"मंग गाडीबी पूजेला बसलीय, मालक," कडूबा म्हणाला. "ती कशी चालवायची?"

"गाडीचं येगळं. भाडं ठरलंय."

भाड्यासाठी चाक फिरलं तर देवाला चालत होतं, माणसांसाठी पाना फिरला तर चालत नव्हतं. मला तिथंच थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. मान हलवली.

मालक पुरणपोळी जेवायला घरी गेला. कडूबानं पाटावरची फुलं बाजूला केली आणि पाना, हातोडा, पक्कड उचलली. शाफ्ट जड होता. त्यानं तो एकट्यानं छातीवर उतरवून घेतला. मी शेजारी उभा होतो. देवाची भीती वाटली असं मी तेव्हा सांगितलं असतं, पण मला भीती मालकाची होती. क्रॉसच्या चार वाट्या त्यानं ठोकून काढल्या. वाट्यांत सुईएवढ्या बारीक सळया असतात. दोन वाट्यांतल्या सळया कोरड्या, गंजून तांबड्या झाल्या होत्या. त्यानं एकेक सळई रॉकेलनं धुतली, ग्रीसमध्ये बुडवून पुन्हा जागेवर चिकटवली आणि वाट्या बोटानं ग्रीस दाबून भरल्या. "बाजार बंद हाय, न्हाई तं नवाच टाकला असता," तो म्हणाला. "पन ह्यावर जाऊन येईल बराबर."

शेवटचा बोल्ट आवळत असताना मालक आला. हळदीकुंकवावर काळं ग्रीस माखलेला पाना त्यानं पाहिला, पाहिला तो कडूबाच्या हातात, आणि त्याचं तोंड मेलेलं जनावर दिसल्यासारखं झालं. त्या पान्याला वर्षभर कडूबाचाच हात लागत होता, तेव्हा तो बाटला नव्हता.

"तू जायचं न्हाई नागपूरला," मालक म्हणाला. "इथंच थांब. वाटेत काई झालं तं तू खरा. काई न्हाई झालं तं तू माझी हत्यारं फुकट नासवली, मंग तुझं काम बंद."

जमलेल्या गॅरेजवाल्यांनी माना डोलावल्या. दुरुस्त केलेली गाडी मोडली तरच हा माणूस खरा, असला न्याय त्यांना पटला. निघायची वेळ झाली होती, वस्तीतली माणसं आली होती आणि कांताबाई आधीच फळीवर चढून बसली होती. कडूबानं तिला खालूनच सांगितलं, "जाऊन ये. गाडीची काळजी करू नको."

गाडी गेली आणि तिसऱ्या दिवशी आली. टक आवाज एकदाही आला नाही. गॅरेजात मालक वाट बघतच होता, कडूबाही होता. मालकानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "भुजंग, वाटेत काई झालं?"

काहीच का झालं नाही, हे मला माहीत होतं. ती तांबडी भुकटी मी डोळ्यांनी पाहिली होती. मी म्हणालो, "न्हाई मालक. काहीच झालं न्हाई."

मी खोटं बोललो नव्हतो. आजही ते शब्द आठवले की मला माझ्याच तोंडाची किळस येते.

कडूबानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं मागची फळी पाडली, कांताबाईला हात दिला, मग तिच्या मागच्या म्हातारीला, मग पोरांना. सगळी माणसं खाली उतरेपर्यंत तो तिथं उभा राहिला आणि मग वस्तीकडे निघून गेला.