तिसरं कार्ड

माझा थोरला भाऊ सदतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात शिरायचं, किलोभर साखर घ्यायची, पैसे द्यायचे, आणि मग पिशवीतून स्वतःचा काटा काढून ती साखर दुकानदाराच्या नाकासमोर तोलायची, ही त्याची पद्धत. ओळखपत्र सगळ्यात शेवटी. आधी ओळख दिली की कोणीही प्रामाणिक होतो, असं तो म्हणायचा. बाजारात त्याला 'काटासाहेब' म्हणत. तो कोपऱ्यावर दिसला की अख्ख्या रस्त्यावरचे दुकानदार गिऱ्हाइकाला चिमूटभर जास्तच घालत.

निवृत्त झाला तो नोकरीतून, सवयीतून नाही. वहिनी गेल्यापासून तो माझ्या घरी वरच्या खोलीत राहतो, म्हणून मी हे खात्रीने सांगते. एका थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून आमच्याकडे तीन आहेत, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. औषधाची पट्टी आणली की गोळ्या मोजतो. वर्तमानपत्रात कोणी चांगलं काम केल्याची बातमी आली की 'यात याचं काय?' एवढंच विचारतो. माझ्याशी लग्न करू म्हणणारे दोघे होते. दादाने दोघांचीही इतकी चौकशी केली, की एक जण कंटाळून गेला आणि दुसरा घाबरून. तो राग माझा अजून गेलेला नाही. मी तो दादाला दर वर्षी एकदा तरी बोलून दाखवते.

आणि तरी त्याच्या हातून कधी कोणावर खोटी केस झाली नाही. पुरावा हातात आल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. निदान मला असं वाटत होतं.

त्याच्याकडे तीन क्रेडिट कार्डं होती, आणि वापरात एकही नव्हतं. फार वर्षांपूर्वी बँकांची माणसं टाय लावून कचेरीत यायची आणि फुकट आहे, फुकट आहे म्हणत कार्ड गळ्यात मारायची. फुकट म्हटल्यावर दादाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यात काहीतरी काळंबेरं असणार, ते हुडकून काढायचं, म्हणून त्याने एक सोडून तीन घेतली. काळंबेरं काही सापडलं नाही, त्यामुळे संशयही फिटला नाही. मुदत संपली की नवं कार्ड टपालाने येई. दादा ते चालू करून घेई आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून देई. मोबाइलचा नंबर त्याने कुठल्याच बँकेला दिला नव्हता. त्यांना घरचा फोन पुरे, म्हणाला.

ही कार्डं बंद करायची वेळ आली ती भाचीच्या घरापायी. दादाची ही एकुलती एक मुलगी शाळेत चित्रकला शिकवते. जावई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. दादा ज्या दातांनी जेवतो तेही त्यानेच बनवलेले. माणूस बोलायला मऊ आणि कामाला चोख, पण दंतवैद्य देतील तेव्हा त्याची कमाई, म्हणून घराच्या कर्जाला दादाचंही नाव लावायचं ठरलं. भाड्याची जागा मालकाला महिनाअखेर परत हवी होती. मनासारखं घर मिळालं होतं: तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या दाराशी हातभर अंगण. विकणाऱ्या बाईंनी तीस तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यापुढे दुसरं गिऱ्हाईक उभंच होतं. भाची तर तिच्या लेकीचा, छोटीचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा तेही टेप घेऊन मापून आली होती.

कर्ज देणारे साहेब म्हणाले, "काका, ही तीन कार्डं बंद करून बंद केल्याची पत्रं आणा. तुम्ही वापरत नाही हे खरं, पण उद्या वापरली तर? कागदावर ती धरावीच लागतात."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "हा माणूस मला आवडला. न केलेला गुन्हाही मांडून ठेवतो."

दोन कार्डं दोन दिवसांत बंद झाली. दादा शाखेत जाऊन खुर्चीवर ठाण मांडून बसला आणि शिक्का मारलेलं पत्र हातात पडल्यावरच उठला. तिसऱ्या बँकेने मात्र आपली इथली शाखा केव्हाच गुंडाळली होती. तिथे काय ते फोनवर. दहा तारखेला आम्ही सगळे भाचीकडे जमलो. भाचीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. कार्डावरचे आकडे बारीक, दादाचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून जावयाने कार्ड हातात घेऊन आकडे वाचून दाखवले. तेवढा वेळ दादाची नजर त्या हातावरून हलली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दादा सगळ्यांकडेच तसं बघतो.

पलीकडच्या मुलीने खात्री करण्यासाठी आईचं नाव विचारलं.

"ते कशाला हवंय तुम्हाला?" दादाने विचारलं.

"बाबा, सांगा ना," भाची म्हणाली. "आजीला जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणून काय वाटेल त्याला सांगायचं?"

शेवटी नाव मी सांगितलं. आई माझीही होतीच. मुलगी म्हणाली, सात दिवसांत कार्ड बंद होईल, पत्र घरी येईल, आणि कार्ड आता कापून टाका. दादाने कार्ड पाकिटात ठेवलं. भाची कात्री घेऊन आली तर म्हणाला, "पुरावा कोणी नष्ट करतं का?"

चौदा तारखेला छोटीला ताप होता म्हणून दादा आणि मी भाचीकडे गेलो. तिच्या इमारतीखाली औषधाचं दुकान आहे. दादा म्हणाला, तू वर हो, मी कापूस घेऊन येतो. पाच मिनिटांनी वर आला तो चेहऱ्यावर समाधान घेऊन. असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा दिसतं, म्हणून मी कारण विचारलं. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

सतरा गेली, अठरा गेली, पत्र नाही. वीस तारखेला पुन्हा तेच टेबल, तोच फोन. या वेळी फोनवर एक मुलगा होता. तो म्हणाला, "तुमची विनंती आपोआप रद्द झाली आहे. चौदा तारखेला या कार्डावर खरेदी झाली. कार्ड वापरात असेल तर आम्ही ते बंद करत नाही."

"कोणी केली खरेदी?" दादाने विचारलं.

मुलाने एक लांबलचक नाव वाचलं, कुठली तरी 'आणि कंपनी'. ते आमच्यापैकी कोणीच ऐकलेलं नव्हतं. मग त्याने पत्ता वाचला. तो भाचीच्याच इमारतीचा होता.

दादाने फोन बंद केला. पुढचं सगळं त्याने खात्यात असल्यासारखं, एकेक शब्द तोलून केलं. खुर्ची जावयाकडे वळवली आणि म्हणाला, "त्या दिवशी कार्ड तुमच्या हातात होतं. चांगलं पाच मिनिटं. आकडे तुम्ही वाचलेत."

जावयाला कळायलाच वेळ लागला. "बाबा, मी?"

"मी नाव घेतलेलं नाही. मी फक्त काय घडलं ते सांगतोय."

"तुमच्या मुलीला घर मिळू नये म्हणून मी तुमच्या कार्डावर सामान घेतलं?"

"गरज पडली की माणूस काहीही करतो," दादा म्हणाला. "मी सदतीस वर्षं हेच बघितलंय."

ज्या दातांनी तो हे बोलत होता ते समोरच्या माणसाने रात्रीचा दिवस करून घासून घासून बसवले होते, दुखतंय म्हटलं की चार-चारदा. मला हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात आलं, की पैशाची ओढाताण आहे, घेतलं असेल का? दादाबरोबर राहून राहून हा रोग मलाही जडलाय. त्याची मला आजही लाज वाटते.

भाची रडली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही उठा आता." जावई आतल्या खोलीत छोटीजवळ जाऊन बसला; तिचा ताप अजून पुरता उतरला नव्हता.

मी चप्पल घातली आणि जिना उतरले. मनात होतं की या पत्त्यावरचं एकेक दुकान पालथं घालायचं. पहिलंच दुकान औषधांचं. औषधवाल्याला मी ते लांबलचक नाव सांगितलं तर तो म्हणाला, "आमचंच आहे की. पाटीवर नाही, बिलावर असतं." आणि मी आणखी काही विचारायच्या आत त्याने गल्ला उघडून एक पाकीट काढलं. वर पेनाने लिहिलं होतं, 'कापूसवाले काका'.

"त्या दिवशी काकांनी कार्ड लावलं. मशीनवर काहीच येईना. मला वाटलं, गेलं नाही. काकांना तर आनंदच झाला. रोख देऊन गेले. संध्याकाळी बघतो तर मशीनमधूनही पैसे आलेले. तेव्हापासून त्यांची रोकड बाजूला ठेवलीय, वर कोणाकडे आले ते माहीत नव्हतं. द्याल का त्यांना?"

पाकीट हातात घेऊन मी तिथेच स्टुलावर बसले. दादाने बँकेवर धाड घातली होती. कार्ड खरंच बंद केलं की नुसतं म्हणाले, हे बघायला तो साधं गिऱ्हाईक होऊन दुकानात गेला आणि सगळ्यात स्वस्त वस्तू घेतली. सात दिवस लागतील असं सांगितलेलं असताना चौथ्याच दिवशी गेला. यंत्र गप्प राहिलं तेव्हा त्याला वाटलं, बँक परीक्षेत पास झाली. त्या परीक्षेनेच कार्ड पुन्हा जिवंत झालं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. अशी चूक करायला माणूस वजनमापे खात्यातच मुरलेला हवा.

वर जाऊन मी पाकीट दादासमोर ठेवलं आणि औषधवाल्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दादाने पाकिटावरची अक्षरं दोनदा वाचली. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. मी साठ वर्षांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

"असू दे, बाबा," जावई म्हणाला. छोटीच्या कपाळावरची ओली पट्टी त्याने बदलली. मान वर केली नाही.

भाचीने कापसाचे पैसे कार्डावर भरले आणि तिथल्या तिथे पुन्हा फोन लावला. आईचं नाव या वेळी दादाने स्वतः सांगितलं, कोणी विचारायच्या आत. कार्डही स्वतःच कापलं. सात दिवस म्हणजे सत्तावीस तारीख, आणि पत्र यायला पुढे दोन-तीन दिवस. ते दिवस त्याने कसे काढले ते मी पाहिलंय. दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. बाहेर जायचं असलं की मला म्हणायचा, "तू चल बरोबर." मी हसायचे, पण जायचे. भाचीचा रोज एकच निरोप यायचा, 'आलं का?' त्यापुढे एक शब्द नाही. पूर्वी ती दादाने जेवण केलं का तेही विचारायची.

एकोणतीसला दुपारी कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. बँकेचंच. दादा आलेलं कुठलंही पाकीट आधी उजेडासमोर धरतो, मग चिकटवलेली कड तपासतो, मग सुरीने उघडतो. हे त्याने खिशात घातलं, सदरा बदलला आणि मला म्हणाला, "चल."

"उघडून तर बघ," मी म्हटलं. "आत भलतंच काही असलं तर?"

"त्यांच्या हाताने उघडू दे."

रस्ताभर त्याचा हात त्या खिशावर होता. मला कळलं होतं, त्याच्या परीने ही फार मोठी गोष्ट होती. जन्मात पहिल्यांदा तो काहीतरी न तपासता कोणाच्या हाती देणार होता. माफी मागण्याची याहून मोठी रीत त्याच्याजवळ नव्हती. मला भरून आलं होतं, हेही सांगून टाकते.

भाचीकडे अर्धं सामान बांधून झालेलं होतं. घर मिळो न मिळो, ही जागा सोडायचीच होती. जावई खोक्याला दोरी बांधत होता. दादाने पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"आलं. मी उघडलेलं नाही. तुम्ही बघा."

जावयाने हात पुसले. पाकिटाकडे बघितलं, पण घेतलं नाही. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "नको, बाबा. तुम्हीच उघडा. तुम्हीच वाचा. मी हात लावला आणि पुढेमागे त्यात काही कमी निघालं, तर?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. त्याला खरोखरच ते पाकीट हातात नको होतं.

दादाने पाकीट फाडलं. पत्र बरोबर होतं, कार्ड बंद झालेलं होतं, शिक्का होता, तारीख होती. भाचीला घर मिळालं. दादा पत्र मोठ्याने वाचत होता आणि जावई दोन पावलं लांब उभा राहून, हात मागे बांधून ऐकत होता.