मॉनिटरची ट्रायल

सीपीयू चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, गेमचं स्टिअरिंग पिशवीत आणि पेडलं बाबांच्या पायाशी, असं बिऱ्हाड घेऊन आम्ही बापलेक सडक अर्जुनीहून एसटीने गोंदियाला निघालो होतो. मॉनिटर घ्यायला. मी आदल्या दिवसापासून हवेतच होते. बाबा मात्र खिडकीबाहेर बघत गप्प होते.

बाबांनी सारी हयात हायवेवर ट्रक चालवला; आईचा फोन आला की नेहमी एकच उत्तर, "गाडीवर आहो." मग डोळ्याच्या पडद्याचा त्रास निघाला, चष्म्यानेही लांबचं दिसेना, आणि लायसन पुन्हा झालं नाही. तेव्हापासून ते दारात खुर्ची टाकून बसायचे. रस्त्याने ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून कोणती गाडी आहे आणि किती भरली आहे ते सांगायचे, आणि परत गप्प व्हायचे. मला ते बघवत नव्हतं. जवळचं त्यांना अजून चोख दिसत होतं, म्हणून मी कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम टाकला आणि एक जुनं स्टिअरिंग मिळवलं. पहिल्याच दिवशी बाबा त्यावर असे बसले की आईला चहा दोनदा गरम करावा लागला. पण आमचा मॉनिटर जुना आणि इवलासा. वळण घेतलं की झाडं, खांब, सगळं फराटल्यासारखं दिसायचं, आणि त्यांचं डोकं धरायचं.

शेवटी ते म्हणाले, "डोकं भनभनते बाई. देऊन टाक हे कोनाले."

मी हट्टाला पेटले. नवा मॉनिटर घेऊ म्हटलं. त्यावर त्यांनी अट घातली, "ट्रायल घेतल्याबिगर मी गाडी घेत नाही. चालवून पाहीन. जमलं नाही त स्टिअरिंग तिथंच ठेवून येऊ."

म्हणून हे सगळं सामान. ते स्टिअरिंग मी दुकानात सोडून येणार नव्हते, काहीही झालं तरी!

बाजारातल्या दुकानात शिरले आणि मला काय बघू आणि काय नको असं झालं. भिंतभर मॉनिटर! मी महिनाभर व्हिडिओ बघून पक्कं ठरवून आले होते: सगळ्यात जास्त हर्ट्झवाला, म्हणजे ज्याच्यावर चित्र सेकंदात सगळ्यात जास्त वेळा बदलतं तो. दुकानदारानेही माझी तारीफ केली. मी कॉलर ताठ करून सीपीयू जोडला.

बाबा स्टुलावर बसले. गाडी पळाली, आणि काय पळाली! एक खांब फराटला नाही. बाबांच्या कपाळावरची आठी गेली. मग गोदामात ट्रक मागे लावायची वेळ आली, आणि बाबांनी जन्मभराच्या सवयीने अख्खं अंग उजवीकडे झुकवून खिडकीबाहेर डोकं काढलं. खिडकी नव्हतीच तिथे. तिरपं बघितल्यावर पडद्याचे रंग ताकासारखे पांढरे पडले आणि ट्रक भिंतीला धडकला.

दुकानदार हसू दाबत म्हणाला, "अंकल, स्क्रीन तो सीधे बैठके देखते हैं."

"सिधा बैठके रिव्हर्स लेता क्या कोई?" बाबा ताडकन म्हणाले. मला एवढा आनंद झाला! किती दिवसांनी ते कुणावर तरी चिडले होते.

दुसरा मॉनिटर वक्र होता, आतल्या बाजूला वळलेला. समोरून एकदम झकास, केबिनमध्ये बसल्यासारखं वाटायचं. पण बाबा झुकले की त्यांच्या बाजूची कड इतकी तिरपी दिसायची की तिथला आरसाच चेपायचा. ट्रक पुन्हा धडकला. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"राहू दे बाई. चाल घरी," ते हळूच म्हणाले.

"बाबा, एक अजून! फक्त एक!" मी जवळजवळ ओरडलेच. कोपऱ्यात एक सपाट, पण चांगला लांबरुंद मॉनिटर होता. हर्ट्झ माझ्या लाडक्यापेक्षा कितीतरी कमी. मी त्याच्याकडे आल्यापासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दुकानदार म्हणाला की हा बाजूने बघितला तरी रंग सोडत नाही. मी घाईघाईत वायर लावली.

बाबा निघाले. वळण, पूल, गोदाम. उजवीकडे झुकले. रंग हलला नाही. आरसा जागेवर. ते आणखी झुकले, इतके की स्टूल कलंडेल म्हणून मी मागून धरलं. ट्रक इंच इंच मागे सरकत होता.

नेमका तेव्हाच बाबांचा फोन वाजला. आई होती. बाबांनी आरशावरची नजर न हटवता फोन खांद्यात दाबला.

"गाडीवर आहो. मंग बोलतो," म्हणाले, आणि फोन मला दिला.

फोन चालूच होता. मी तो कानाला लावला.

"काऊन वं," आई एकदम कापऱ्या आवाजात म्हणाली, "काय म्हन्ले हे?"

"गाडीवर आहेत, आई," मी म्हटलं. "मंग बोलतो म्हन्ले."