आधी कुणाचं डोकं बघायचं?

मैत्रिणींनो, आज शाळेतून घरी आले ती स्वतःवरच चिडून.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं सकाळी तक्रार केली, "वर्गात उवा झाल्यात." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "झोपडपट्टीतल्या तिघींची डोकी आधी बघा."

आणि मी बघितली की! आयेशा, भाग्यलक्ष्मी, अंजली. तिघी तीन समाजांच्या, वस्ती तेवढी एक. त्यांना वर्गासमोर उभं करून रिबिनी सोडायला लावल्या. पोरं नाक दाबून हसत होती.

तिघींची डोकी स्वच्छ निघाली.

वेणी घालता घालता आयेशानं विचारलं, "बाई, बाकीच्यांची कधी बघणार?"

मग सगळ्यांची बघितली. उवा सापडल्या त्या तक्रार करणाऱ्या बाईंच्याच मुलीच्या डोक्यात. तिला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, ती कुणाशेजारी बसते ते बघा की आधी!"

मुख्याध्यापिका म्हणतात, विषय वाढवू नका. पण हिला बाजूला न्यायचं मला सुचलं, त्या तिघींना का नाही?

उद्या सगळ्या वर्गासमोर त्यांची माफी मागणार आहे. तुमच्यात कुणी शिक्षिका असेल तर खरं सांगा, तुम्ही आधी कुणाचं डोकं बघितलं असतं?