संग्रामपूरचे दोन रस्ते

बुलढाण्याच्या नियोजन कार्यालयात मी एकच विद्या शिकलो. दिल्लीच्या नियोजनवाल्यांना तालुका मागास दिसला पाहिजे, तरच योजना मिळते. मुंबईच्या साहेबांना तोच तालुका सुधारलेला दिसला पाहिजे, नाहीतर शिव्या मिळतात. म्हणून दिल्लीकरांना आम्ही संग्रामपूरला खड्ड्यांच्या रस्त्यानं न्यायचो आणि मुंबईकरांना डांबरी रस्त्यानं.

एकदा दिल्लीचे एक आणि मुंबईचे एक असे दोन्ही साहेब एकाच गाडीत बसले. फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि हळूच विचारलं, "साहेब, आता कोन्या रस्त्यानं घेऊ?"

मी मागं वळून पाहिलं. केंद्राचं डोकं राज्याच्या खांद्यावर होतं आणि दोघंही घोरत होते. एवढा सलोखा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"जवळच्या रस्त्यानं घे," मी म्हटलं. "या दोघायले काऊन उठवतं?"