मामीनं शिकवलेलं आतडं

घास गिळल्यावर त्याचं पुढं काय होतं, याची माझ्या लातूरच्या मामीइतकी काळजी करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. ती शाळेत विज्ञान शिकवते. पण पचनसंस्थेचा धडा शाळेत संपत नाही, तिच्यासोबत रिक्षात बसून घरी येतो. शिरूर अनंतपाळच्या एका लग्नात नवरदेवाचे काका जिलब्या न चावताच गिळत होते. मामी वाढता वाढता थांबली. "भावजी, दात तोंडातच हायेत, जठरात न्हाईत. सावकाश होऊ द्या." त्यानंतर सगळी पंगत गुमान चावत बसली. आम्हा भाच्यांना तिनं एकदा साधं फडकं आणि जाडजूड टॉवेल पाण्यात बुडवायला लावला. टॉवेलनं भरपूर पाणी ओढलं. "लहान आतडं आतून असंच हाय," ती म्हणाली. "बारीक लव असते. अन्नाचा पार रस झाला की ती तो शोषून रक्तात सोडते." टॉवेल मामांचा होता. ते बराच वेळ न्हाणीघरातून ओरडत होते.

गेल्या उन्हाळ्यात याच मामांच्या आतड्याला पीळ पडला. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं आणि लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकावा लागला. जीव वाचला, पण खाणं सुरू झालं तशी नवीच आफत. पोटात गेलेलं सगळं न पचताच बाहेर. मामा संडासाच्या खेपांनी इतके खचले की त्यांनी वाटीला हात लावणंच सोडलं.

"सलाईनवरच राहू दे मला," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "आतडंच न्हाई तर खाऊन काय करू?"

"उरलंय ना थोडं! ते शिकतं," मामी म्हणाली. "त्याची लव वाढते, जास्त शोषायला लागते. डॉक्टरांना विचारलंय मी. पण त्याच्यापुढं अन्न तर आलं पाहिजे!"

तिनं रजा टाकली आणि मऊ भाताच्या एवढ्याशा वाट्या घेऊन दिवसभर मामांच्या मागं लागली. प्रत्येक घासाबरोबर वर्णन चालू: आता लाळ मिसळली, आता जठरात घुसळून राहिलंय, आता पित्त आलं. एकदा चिडून मामांनी वाटी भिरकावली. मामीनं भिंत पुसली, दुसरी वाटी आणली. "तो भिंतीला पचायचा न्हाई. हा तुमचा." मामांना हसू फुटलं, टाके दुखले, आणि कण्हत कण्हत त्यांनी तो घास खाल्ला. असे कितीतरी महिने गेले. मग एके सकाळी भर एसटी स्टँडवरून मामीचा मला फोन. "अरे, घट्ट झाली! मामांना आज घट्ट झाली!" पलीकडून कुणीतरी "अभिनंदन बाई" म्हटल्याचंही मला ऐकू आलं.

परवा लातूरला गेलो होतो. मामांचा शर्ट अजून खांद्यावरून लोंबतो. पूर्वीचं अंग काही परत येणार नाही. जेवताना ते आपणहून म्हणाले, "अगं, अजून थोडं वरण घाल." मामीनं वाढलं आणि पाणी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ओट्याला टेकून ती हळूच म्हणाली, "शिकतं, शिकतं म्हणत होते खरी. पण लई भ्याले होते रे मी. शिकलंच नसतं तर?"

बाहेर मामा चमच्यानं वाटी खरवडत होते. आम्ही दोघं तो आवाज ऐकत उभे राहिलो.